मागे कोण बसणार?

बुलढाणा जिल्ह्याचे खरे भाग दोनच, घाटावर आणि घाटाखाली. सरकारी कागदावर तेरा तालुके आहेत, पण सोयरिकीच्या बोलण्यात "पोरगी घाटाखाली दिली" एवढं म्हटलं की भागतं. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा खालचा पट्टा. मुंबई-नागपूर रेल्वे त्याच अंगाने जाते. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी जलंबपासून फाटा टाकला आणि १८७० साली तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. इथे रुळाचा तुकडा नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे, आणि अजूनही ती गाडी फक्त निवडणुकीच्या भाषणातच धावते.

एसटीचंही इथे जरा वेगळं. एसटी मूळची मुंबई राज्याची, आणि १९५६ पर्यंत आम्ही त्या राज्यात नव्हतोच. आधी मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश. म्हातारी माणसं सी.पी.टी.एस. या मध्य प्रांताच्या बससेवेच्या मोटारींच्या गोष्टी सांगायची, आणि देऊळगाव राजा ओलांडून जालन्याकडे गेलं की निजामाच्या. गावोगाव एसटी पोचली ती पुढे, आणि पोचली तरी सकाळी एक, संध्याकाळी एक. मधल्या वेळेला माहेरी कुणी आजारी पडलं, दवाखाना निघाला, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जायचं झालं तर काय? म्हणून आमच्याकडे दुचाकी ही पोरांच्या हौसेतून आली नाही, ती संसाराची वस्तू म्हणून आली. आणि संसाराची म्हटली की तिच्यावर दोघं बसणार, हे आलंच.

मी चिखली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. गाडी कधी चालवली नाही. आयुष्यभर मागे बसले. आधी वडिलांच्या सायकलवर, मग नवऱ्याच्या राजदूतवर, दिराच्या स्कूटरवर, मग हिरो होंडावर, आणि आता या वयात मोठ्या गाडीवर. गाड्यांचा इतिहास सांगणारे सगळे हँडल धरणारे असतात. ते सीसी सांगतात, अ‍ॅव्हरेज सांगतात, कुठली गाडी घाटात तिसऱ्या गिअरवर चढायची ते सांगतात. मागच्या माणसाला त्या इतिहासात सीटवर मिळते तेवढीच जागा मिळते, म्हणजे पुढच्याचं बसून झाल्यावर उरेल ती.

पूर्वी असं नव्हतं. वऱ्हाडात सामानाला बंडी आणि माणसांना दमणी किंवा रेंगी. लेकीला आणायला दमणी जुंपली की आत गादी पसरायचे, वर छत असायचं, आणि सगळ्यात चांगली जागा बसणाऱ्या बाईची. गाडीवान पुढे, जुवाजवळ, उन्हात. म्हणजे वाहन चालवणाऱ्याचं नसून बसणाऱ्याचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. तो मोडला सायकलने. सायकलवर डबलसीट बसणं हा गुन्हाच होता. शहरात हवालदार दिसला की मागच्याने टुणकन उडी मारायची, नाहीतर तो चाकातली हवा सोडून द्यायचा. खेड्यात हवालदार नसे, पण त्याहून कडक पहारा गावाचा. नवी नवरी कॅरिअरवर बसून आली तरी वेशीपाशी उतरायची आणि सायकलच्या मागे चालत घरी जायची. माझ्या आईने हे केलेलं आहे.

फटफटी आधी घाटाखाली आली, पैशाबरोबर. खामगावचे कापसाचे अडते, शेगाव-मलकापूरचे डॉक्टर, एखादा मालगुजारी थाटाचा शेतकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या बी.एस.ए., नॉर्टन देशभर विकल्या गेल्या. त्या गाड्या निरोप्यासाठी बनवलेल्या, एकट्या शिपायासाठी. मागे कॅरिअर, त्यावर नव्या मालकाने गोधडीची घडी बांधली की झाली सीट. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रेडिच गावातल्या रॉयल एनफिल्डबरोबर मिळून बुलेट मद्रासला जोडायला घेतली, तीही मुळात लष्कराची आणि पोलिसांची गरज म्हणून. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. त्या जुन्या बुलेटवर पुढे स्प्रिंगांची ऐसपैस गादी आणि मागे वेगळी छोटी गादी असा थाट बरेचदा दिसायचा. दोन गाद्यांच्या मापात जो फरक होता त्यातच सगळं आलं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात मुली फटफटीच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायला लागल्या आणि त्यावर पुष्कळ गहजब झाला. १९३० च्या तिकडच्या रस्ते कायद्यात अट आली की मागच्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसावं. आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच वळणाचा. मागे एकच माणूस, चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या सीटवर, हे सगळं कलम ८५ मध्ये आलं; दोन्हीकडे पाय टाकण्याची अट तेवढी आली नाही. १९८८ च्या नव्या कायद्यातही कलम १२८ मध्ये तीच भाषा राहिली. कायदा करणाऱ्यांनी आपापल्या घरातल्या बायका डोळ्यांसमोर आणल्या असणार, असं मला वाटतं. आणि पुढे १९८९ च्या केंद्रीय नियमांत तर १२३ क्रमांकाचा नियम खास मागच्या माणसासाठीच आहे. धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला आधार, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं काहीतरी, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत. दिल्लीत बसलेल्या बाबूंना पदराची काळजी होती. गाड्यांच्या जाहिराती काढणाऱ्यांना ती कधी दिसली नाही.

यात एक गंमत आहे. माझी आजी नऊवारी नेसायची. कासोटा घातलेल्या बाईला दोन्हीकडे पाय टाकून बसायला कसलीच अडचण नव्हती. जिजाऊंच्या सिंदखेड राजाच्या मातीत तरी हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण गावात फटफटी आली आणि बायका सहावारीत आल्या, हे जवळजवळ एकाच सुमाराला झालं. आजीला मिळाली असती तर ती नीट बसली असती. मिळाली आम्हाला, आणि आम्ही आडव्या बसलो.

माझं लग्न १९७९ चं. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे, आणि हा गुन्हा आमच्याकडे बॅण्ड लावून होतो. बोलणीत राजदूत ठरली. पोलंडच्या एस.एच.एल. गाडीच्या घडणीवर फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने काढलेली, १७३ सीसीची, दोन स्ट्रोकची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी. एस्कॉर्ट्सचा ट्रॅक्टर शेतात आणि राजदूत दारात, हे त्या वेळच्या बऱ्या घराचं लक्षण. खामगावात कॉलेजच्या पोरांना येझदीचं वेड होतं, जिची किकच पुढे वळवली की गिअर व्हायची; पण जावयाला राजदूत, कारण ती दूधवाल्याचे कॅन वाहते म्हणजे काहीही वाहील असा हिशेब. गाडी कुठली ते सासऱ्यांनी सांगितलं, पैसे वडिलांनी मोजले, चालवणार आमचे हे. मागे मी बसणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही.

बसायचंही एक शास्त्र होतं, ते आता लोपत चाललंय म्हणून लिहून ठेवते. गाडीला किक बसून ती नीट धडधडायला लागेपर्यंत उभंच राहायचं. पदर कमरेला खोचून पिन लावायची, सुटा पदर ही मरणाची वाट. मग डाव्या बाजूने, उजवा हात यांच्या खांद्यावर, साडीगार्डच्या खालच्या पट्टीवर एक पाय, आणि कंबर सीटवर एकदम पूर्ण टेकवायची; अर्धवट टेकली की चढणीवर घसरलीच. निऱ्या दोन्ही गुडघ्यांत दाबायच्या. पिशवी मांडीवर. डाव्या हाताने मागचं कॅरिअर. आणि लेकरू असलं तर ते दोघांच्या मध्ये, त्याचं नाक बापाच्या पाठीला लागलेलं.

माझं सगळं वजन डावीकडे. त्यामुळे हे नकळत उजवीकडे कलून चालवायचे आणि रात्री पाठ दुखते म्हणून माझ्याकडून बाम चोळून घ्यायचे. राजूर घाटात तर परीक्षा. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की गाव संपतं आणि घाट सुरू होतो. डावं वळण आलं की माझे पाय रस्त्याकडे झुकतात आणि जीव म्हणतो, सरळ हो. सरळ झालं की गाडी वळत नाही. मागच्या माणसाने गाडीबरोबर कलायचं, तिच्याविरुद्ध नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, त्या घाटाने शिकवलं. उतारावर मी यांच्या पाठीवर ढकलली जायची, येताना चढणीवर कॅरिअरवर. आडवं बसणाऱ्याच्या मांड्यांना पुढे-मागे काही आधारच नसतो. तो सगळा भार दोन हातांवर. पावसाळ्यात आणखी वेगळं. आमची काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये जाऊन बसते, तीच साडीगार्डच्या सळयांत भरते, आणि गाडी जागच्या जागी थांबते. मग मी छत्री धरून उभी आणि हे तुऱ्हाटीच्या काडीने माती कोरताहेत. बोथा घाटात, ज्ञानगंगेच्या जंगलात, असं थांबायला मला फार भीती वाटायची. खरं सांगते, अस्वलापेक्षा अंधार पडण्याची जास्त.

त्या काळात मागच्या बाईला खरा आराम एकाच गाडीने दिला. स्कूटरने. वेस्पाचा कर्ता कोराडिनो दास्कानियो हा विमानांचा इंजिनिअर, त्याला मोटारसायकलीच आवडत नसत. म्हणून १९४६ मध्ये त्याने इंजिन झाकलेली, मधे पाय ठेवायला मोकळी जागा असलेली गाडी काढली. बजाजने तीच इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने पुण्यात बनवली आणि १९७२ पासून चेतक आली. माझ्या दिरांनी नंबर लावला आणि वर्षानुवर्षं थांबून ती मिळाली. तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं. चेतकची सीट रुंद. मागे उभी स्टेपनी, तिच्यावर कोपर टेकायला मिळायचं. तेलाचा थेंब साडीला नाही, चाक सगळं पत्र्याच्या आत. आणि एक गोष्ट अशी की इंजिन उजव्या अंगाला आणि बाई डावीकडे पाय सोडून, दोघांचं वजन एकमेकाला तोलायचं. इटलीत कुणी ते आमच्यासाठी योजलेलं नव्हतं, पण जमून आलं. दोष एकच, चाक दहा इंचाचं. पुण्याच्या रस्त्यावर ते ठीक. चिखली-मेहकर रस्त्यावरच्या खड्ड्यात ते पूर्ण उतरायचं आणि आपण सीटवरून वीतभर वर. म्हणून स्कूटर खामगाव, मलकापूर, बुलढाणा शहरात राहिली, आणि खेड्यात मोठ्या चाकाची मोटारसायकलच चालली.

लुनाबद्दल दोन शब्दच. १९७२ ची, कायनेटिकची, पायडलवाली. ती एकट्यासाठीच होती, मागे कॅरिअर. त्या कॅरिअरवर अख्ख्या महाराष्ट्राने बायको बसवली ही गोष्ट वेगळी. १९८० मध्ये टी.व्ही.एस. ५० आली ती दोघांची मोपेड म्हणूनच.

मग हिरो होंडा. १९८५ ची सी.डी. १००. ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज नाही, आणि पेट्रोल असं कमी लागायचं की आमचे हे सुरुवातीला टाकीत काडी घालून बघायचे. तिच्या अ‍ॅव्हरेजवर सगळ्यांनी लिहिलंय. मी तिच्या सीटबद्दल सांगते. सरळ, लांब, सपाट, एका पातळीवर. पुढचा किती आणि मागचा किती हे सीटवर आखलेलंच नाही. चेन पूर्ण झाकलेली. १९९४ ला स्प्लेंडर आली तीही त्याच वळणाची. या दोन गाड्यांनी आमच्या जिल्ह्याची शाळा चालवली असं मी म्हणेन. सकाळी दहा वाजता चिखलीहून कुठल्याही फाट्यावर उभं राहिलं तर दिसायचं, नवरा बायकोला शाळेवर सोडायला निघालाय, तिच्या मांडीवर पर्स, डबा आणि हजेरीपट. तो तिला सोडणार, मग आपल्या कामाला, संध्याकाळी परत. स्त्री-शिक्षणावर भाषणं पुष्कळ ऐकली, त्यात या मागच्या सीटचं नाव कुणी घेतलं नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे गिअर नसलेल्या स्कूटरी दिसायला लागल्या आणि आमच्यातल्या तरुण बाया स्वतःच पुढे बसून यायला लागल्या. मला तेवढं धाडस झालं नाही.

त्याच लांब सीटवर चार-चार माणसं बसायची हेही खरं. एक पोरगं टाकीवर, एक मध्ये. होळीला सैलानीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या बघा, अजूनही तेच. आता २०२२ च्या नियमाने चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट हवं, आणि वेग चाळीसच्या आत. आमची मुलं कशी वाचली हे महाराजांनाच ठाऊक.

२००० नंतर सीट फुटली. तरुण पोरांच्या गाड्या आल्या, धावायला झकास, आणि त्यांची मागची सीट वर चढली, निमुळती झाली, पुढे उतरती झाली. पायदान इतकं उंच की गुडघे छातीशी. धरायला मूठ म्हणून दोन बोटं जातील एवढी पट्टी. गंमत म्हणजे नेमक्या याच काळात बायका पंजाबी ड्रेसवर आल्या, दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागल्या. म्हणजे बसणारी तयार झाली तेव्हा बसायची जागा गेली. आमच्या मुलाने हे निवृत्त झाल्यावर अशीच एक मोठी गाडी घेऊन दिली, नाव सांगत नाही. "आई-बाबा, आता फिरा." माहूर, ओंकारेश्वर, असे बेत. लोणारला जाऊन आले तेवढ्यातच मांडीला मुंग्या आल्या, आणि ब्रेक लागला की माझं हेल्मेट यांच्या हेल्मेटवर टण्णकन आपटायचं.

गाडी बदलायची नव्हती, म्हणून चिखलीत कुशनवाल्याकडे गेलो. बसस्टँडच्या बाजूला टिनाचं दुकान, पुढे उघड्या पडलेल्या सीटा ओळीने. म्हातारा माणूस, तोंडात टाचण्या. यांनी सुरुवात केली, पुढे असं पाहिजे, पुढे तसं. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मांगं तुम्हीच बसता ना? मंग पुढच्याले काय इचारू?" मला गाडीवर बसवलं, दोन्ही पाय पायदानावर ठेवायला लावले आणि खडूने सीटवर माझ्या बैठकीची खूण केली. मग पक्कडीने खालच्या पिना उपसल्या, रेग्झिन सोललं. आत पिवळा फोम, मध्ये बोटभर दबलेला. "जुन्या सीटात काथ्या होता, स्प्रिंग होत्या," तो म्हणाला, "हा नुसता मऊ. मऊ म्हंजे चांगला नाई. मऊ घंट्याभरात पत्र्याले लागते." त्याने खाली कडक फोमचा थर चिकटवला, वर नरम, आणि पुढची कड दोन बोटं उचलून दिली म्हणजे मी पुढे घसरू नये. कडा बाहेर रुंदावल्या. करवतीच्या पात्याने फोम तासताना तो दर थोड्या वेळाने तळहात फिरवून बघायचा. पुन्हा मला बसवलं. पुन्हा तासलं. दुपार गेली त्यात. इतक्या गाड्या पाहिल्या, इतकी शोरूमं पाहिली, पण मागे कोण बसणार असं मला विचारणारा तो पहिला माणूस.

तिकडे परदेशात हा विचार जुना आहे. होंडाची गोल्डविंग १९७५ मध्ये बाजारात आली आणि पुढे तिच्या मागच्या सीटला पाठ आली, हाताला आधार आला. तिकडची म्हातारी जोडपी ती घेऊन देश पालथा घालतात. ती गाडी आपल्या घरांपुढे मावायची नाही आणि परवडायचीही नाही, पण गोष्ट कळण्यासारखी आहे. लांब पल्ल्याची गाडी म्हणजे वेगाची गाडी नव्हे.

आता गाडी कुठली घ्यावी हे लोक मला विचारतात, विशेषतः निवृत्त झालेले शिक्षक. मी सांगते ते असं. आधी दोन चाकांमधलं अंतर बघा. स्प्लेंडरचं १२३६ मिलिमीटर, रॉयल एनफिल्डच्या मीटिअर ३५०चं १४०० मिलिमीटर. हा पाऊण वीतभराचा फरक बराचसा मागच्याला मिळतो; कारण मागच्या चाकाच्या अगदी डोक्यावर बसलं की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. पण त्याबरोबर वजन येतं. स्प्लेंडर ११२ किलो, मीटिअर १९१. पुढच्याच्या गुडघ्यात दम नसेल तर मागच्याच्या आरामाला अर्थ नाही. उभ्या गाडीत तोल गेला की दोघंही खाली. म्हणून सीटची उंची बघा. मीटिअरची ७६५ मिलिमीटर, त्याच कंपनीच्या जुन्या हिमालयनची ८०० होती. आमच्या उंचीच्या माणसांना हा दोन बोटांचा फरक सिग्नलला कळतो. जुन्या बुलेटची लांब सलग सीट मला अजूनही सगळ्यांत आवडते, पण तिच्यावर पाठीला टेकू नाही, आणि साठीनंतर टेकू पाहिजेच. आत्ताच्या गाड्यांत टेकू बसवून मिळतो तो जरूर घ्या.

शॉकअपच्या खालच्या रिंगला टप्पे असतात. दोघं निघाला की ती एक-दोन टप्पे घट्ट करून घ्या, नाहीतर घाटात गाडी मागे बसते आणि दिवा झाडावर पडतो. मागच्या चाकात हवाही जास्त लागते. किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, हवा भरणाऱ्या पोराला ते माहीत नसतं. सामानाच्या पिशव्या दोन्ही बाजूंना लावताना गॅरेजवाले साडीगार्ड काढून टाकतात, ते काढू देऊ नका. ओढणी साडीपेक्षा वाईट. आणि हेल्मेट दोघांनाही. कायद्याच्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि बसणारा दोघंही आहेत, भलेही आमच्याकडे पुढच्यानेसुद्धा ते आरशाला अडकवलेलं असतं.

आता आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी सुरू झाला, पुढे पूर्ण ७०१ किलोमीटर. मेहकर, सिंदखेड राजा, सगळं त्याच्यावर. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि तो वेग बघता ती असायलाच हवी. आपल्याला राहिले जुनेच रस्ते, जुनेच घाट. लोणारचं सरोवर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्यापासून रविवारी तिथे मोठ्या गाड्यांची रांग लागते. मी बघत असते. बहुतेकांच्या मागे बॅग बांधलेली असते, माणूस नसतो. हौस म्हणून ठीक आहे.

पण दोघांनी फिरायचं असेल तर शोरूमला दोघांनी जा, आणि भाव विचारायच्या आधी मागे बसून बघा. दुकानाच्या फरशीवर नाही, रस्त्यावर. चिखली-मेहकर रस्त्यावर निदान अर्धा तास. जे मागे बसणार आहेत त्यांनी उतरून "हो" म्हटलं तरच सही करा. एवढा वेळ गाडी द्यायला शोरूमवाला नाही म्हणाला, तर खामगावात आणि जालन्यात दुसरी शोरूमं आहेत.